दोन गाद्यांची बॉक्सिंग

यंदा वरोऱ्याला आमच्या अंगणात गाद्या भरायला एक जण आला होता. नाव काही मी विचारलं नाही. दोन गाद्या भरून झाल्या तशा त्याने त्या गुंडाळून, सुतळीने बांधून समोरासमोर उभ्या केल्या.

"बाई, हा जाडा म्हणजे बॉक्सिंगमधला जुना मिशीवाला, उघड्या मुठीनं लढे. हा बारका त्याच्या नंतरच्या जमान्यातला, हातमोजेवाला. दोघं भिडले असते त कोण जिंकला असता? माहा भाऊ म्हणे मिशीवाला, मी म्हणो बारका. याच्यावरून दोन वर्सं झाले, बोलणं बंद हाये आमचं. आज फैसला! तुमी पंच!"

मग काय, साठी उलटलेली मी, पळीने ताट वाजवलं! तो दोन्ही गाद्यांना मागून आळीपाळीने ढुसण्या देत, "हाण! अजून हाण!" ओरडत नाचत होता. शेवटी बारका कमरेत मोडून पडला. मी हसत हसत दहा मोजले.

"हारलो बाई, हारलो!" तो टाळ्याच पिटायला लागला. "आता सावली गावाले भावाकडे जातो. हारलो म्हणून सांगाले त जाच लागते ना!"

बारक्या गादीवर मीच झोपते. कमरेपाशी कापूस कमीच भरलाय लबाडाने. तिथे पाठ बुडाली की रोज हसू येतं.