स्क्रू आणि टेप

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या आयटी कचेऱ्यांवर पाट्या लावणारे हे गृहस्थ मूळचे तंजावरचे. माझ्याशी मराठीच बोलतात, पण तमिळ हेलात, आणि दर वाक्याला 'सार' लावून. शिडी चढण्याआधी चपला काढतात. पाटी सरळ आहे का, हे मान तिरकी करून ठरवतात आणि कधी चुकत नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने नावापुढे 'एआय' जोडलं. नवी पाटी लावताना त्यांनी नावाची अक्षरं स्क्रूने पक्की केली, 'एआय'ची दोन मात्र टेपने चिकटवली. मी चिडलोच.

"पडतील ना ही!"

"पडत नाहीत सार. काढायची म्हटली की निघतील, एवढंच. डॉट कॉमची लाट होती तेव्हा ड्रिल मारलं होतं. अक्षरं गेली, भोकं राहिली."

"म्हणजे एआय खोटं?"

"छे! इंटरनेट तरी कुठं खोटं होतं? आज माझं गिऱ्हाईक त्याच्यावरूनच येतं. पाट्या फार झाल्या होत्या, सार."

इतक्यात आमचे साहेब बाहेर आले. कौतुकाने वर बघत म्हणाले, "मजबूत बसलंय ना?"

"नाव एकदम मजबूत, सार," असं म्हणून ते चपला घालायला वळले.

टेपचं मीही साहेबांना सांगितलं नाही.