उतारावरचं जलावतरण

सुज्ञ वाचकांनी कृपया उभं राहावं, कारण घोषणा अतिशय गंभीर आहे: समुद्रापासून कित्येक तास दूर असलेल्या रियाधमध्ये, भर वाळवंटात लाकडी गाडीचं जलावतरण करणारा जगातला एकमेव माणूस आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. रत्नागिरीकडच्या खाडीवर त्यांच्या तीन पिढ्यांनी होड्या बांधलेल्या. चाचा इथे कारखान्यात कपाटं बनवायचे, पण अशी, की पूर आला असता तर कपाट मालकाला घेऊन तरंगलं असतं!

आखाती युद्ध पेटलं, शाळा बंद झाल्या. मी दहा वर्षांचा. विषारी वायूच्या भीतीने घरोघरी एक खोली चिकटपट्ट्या लावून बंद केली जात होती. चिकटपट्टी हा चाचांना आपल्या घराण्याचा अपमान वाटला. त्यांनी होडीच्या सांध्यांत भरतात तशी आमच्या खिडकीच्या फटींत कापूस आणि राळ ठोकून भरली. युद्ध संपल्यावर बाबांना ती खिडकी छिन्नीने फोडावी लागली.

अशा माणसाकडे मी गाडी मागितली. एक फळी, चार चाकं, पुढे वळवायला दोरी, बस्स. बुधवारी आई आणि मी बसने जेद्दाला आणि तिथून विमानाने मुंबईला जाणार होतो. त्याआधी फाटकापर्यंतच्या उतारावरून मला एकदा, फक्त एकदा, सुटायचं होतं. चाचा मात्र रोज सांध्यांत कापूस भरत बसले. सायरन वाजला की शेजारी आमच्या बंद खोलीत रेडिओ घेऊन यायचे, हे रंधा घेऊन. आईच्या भातात भुसा पडायचा.

मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "चाचा, इथे पाणी कुठून शिरणार?"

"पाणी काय विचारून येतंय रे?"

त्यात सुकाणू मागे! दांडा उजवीकडे ढकलला की गाडी डावीकडे. बाबा ओरडले, "अहो चाचा, ही गाडी आहे! सुकाणू पुढे लावा."

"साहेब, होडीचं सुकाणू पुढं बघितलंय काय कुणी? माझा बाप कबरीतून उठून येईल."

बुधवारी सकाळी सामान फाटकाशी उभ्या बाबांच्या टोयोटात चढलं, आणि चाचांनी माझी गाडी, म्हणजे त्यांची होडी, उताराच्या टोकाला आणली. माझा जीव भांड्यात पडला. पण नाही! होडी पाण्यात लोटताना सगळ्या वाडीने हात लावायचा असतो. मग टाय लावलेले बाबा, पर्स सांभाळणारी आई, वरच्या मजल्यावरचे केरळी काका, सगळे वाकले. चाचा गरजले, "हैस्सा!" वाडीने जोर लावला. मी सुटलो, घाबरलो, दांडा नेमका उलटा ढकलला आणि सरळ बाबांच्या टोयोटाच्या दिव्यात घुसलो.

दिवा फुटला. होडीवर ओरखडाही नव्हता. चाचांनी वाकून सांधे चाचपले आणि समाधानाने मान हलवली. बाबांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही.

एका दिव्याच्या टोयोटातून आम्ही बसकडे निघालो. मागच्या काचेतून पाहिलं, तर चाचा होडी काखेत धरून फाटकात उभे. हात हलवायचा सोडून माणूस होडीच्या चाकांकडेच बघत होता. गाडी वळणार तेवढ्यात ते एकदम धावत आले आणि, आयुष्यात पहिल्यांदाच बापाला न जुमानता, ओरडले,

"तू परत ये रे फक्त, सुकाणू पुढं लावतो!"