खोलीत माणूस आहे

दर्यापूर तालुक्यातल्या पंधरा-वीस गावांत बुजगावणं करावं तर नत्थुजी गावंड्यांनी, असं लोक म्हणायचे. बुजगावण्यात कसली आली कारागिरी, असं ज्याला वाटतं त्यानं नत्थुजींचं एखादं पाहायला हवं होतं. मडक्याला चुन्याचे डोळे काढले की झालं, असला प्रकार नाही. आत तुराट्यांचा सांगाडा, वर जुना सदरा, आणि दोन्ही हात असे सैल बांधलेले की जरा वारा आला की ते कुणाला तरी हाका मारतंय असं वाटावं. पाखरांचं सोडा, गावात नवा आलेला तलाठी एकदा बांधावर उभा राहून त्याला सातबाऱ्यातला गट नंबर विचारत होता. कारागीर स्वतः मात्र अगदी उलट. ओट्यावर बसले की बसले. “यायच्यापक्षा यायचं बुजगावनं जास्त हालते,” असं त्यांची बायको रुख्मिणीबाई चारचौघांत म्हणायची, आणि नत्थुजी मिशीतल्या मिशीत हसायचे.

या रुख्मिणीबाईंच्या उजव्या डोळ्याचा पडदा ऐन मे महिन्यात सुटला. डावा डोळा काचबिंदूनं सहा वर्षांपूर्वीच नेला होता. म्हणजे जे काही दिसायचं ते या एकाच डोळ्यानं. अकोल्याला सोमवारी ऑपरेशन झालं आणि डॉक्टरबाईंनी नत्थुजींना समोर बसवून समजावलं, “काका, डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. तो वर सरकतो आणि पडद्याला जागेवर दाबून धरतो. पण त्यासाठी काकूंनी तोंड खाली करून पडून राहायचं. सात दिवस. जेवायला आणि बाथरूमला उठायचं, तेही मान खालीच ठेवून. डोकं वर करायचं नाही. आणि घाम डोळ्यात जाता कामा नये, खोली थंड ठेवा.”

दर्यापूरच्या जीपमधून धक्के खात गावी परत जायचा प्रश्नच नव्हता. मुलगा शेखर पुण्याला नोकरीला, ऑपरेशनपुरता आला होता. त्यानं मोबाईलवरूनच जठारपेठेत हॉटेलची एसी खोली घेतली, आईला तिथं नेऊन पालथं निजवलं, दोन उशा छातीखाली दिल्या, आणि रजा संपली म्हणून रात्रीच्या गाडीनं परत गेला. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्यानं पोटच्या पोरानं करायचं ते सगळं केलं होतं.

मंगळवारी दुपारी अकोला नेहमीसारखं पेटलं होतं. खोली वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला. रुख्मिणीबाई पालथ्या, नत्थुजी खुर्चीत. वीस मिनिटं झाली आणि एसी बंद पडला. नत्थुजींनी रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मग ते खाली मॅनेजरकडे गेले. मॅनेजर धर्मेंद्र वर आला, दार उघडलं, पाहतो तर एसी सुरू.

“चालू तर हाय ना काकाजी,” तो म्हणाला आणि निघून गेला.

वीस मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा तो दारात आला की एसी सुरू. तिसऱ्या वेळेला धर्मेंद्रनं नत्थुजींकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू म्हातारं उन्हानं फिरलंय. नत्थुजींना स्वतःलाही क्षणभर तीच शंका आली. शेवटी हॉटेलचा वायरमन नईम आला. तिशीतला, कमरेला पक्कड अडकवलेला, बोलायला गोड. त्यानं दारावरचा पांढरा डबा दाखवला. काडेपेटीएवढा, मधे काचेसारखा फुगीर ठिपका.

“काकाजी, हा सगळा याचा खेळ हाय. खोलीत कोनी हाललं तर एसी चालू ठेवते. कोनी हाललं नाई, तर याले वाटते खोली खाली हाय, आत कोनी नाई. करंट वाचवाले बसवले सायबायनं.”

“पन खाली कुठं हाय?” नत्थुजी म्हणाले. “दोन मानसं हायेत ना आमी.”

“हालत नाई ना तुमी.”

“तिले डॉक्टरनं हालू नोको म्हनलं हाय, बाप्पा.”

नईमनं पलंगाकडे पाहिलं, मग डब्याकडे. डबा काढून वायर सरळ जोडून द्यायला त्याला दोन मिनिटं लागली असती. पण मालक अमरावतीला. तिथं त्यांचं मोठं हॉटेल, आणि दोन्हीकडचा प्रत्येक डबा त्यांच्या ऑफिसात दिसतो. डबा उघडला की तिकडे लाल दिवा लागतो आणि इकडे नईमची नोकरी जाते. धर्मेंद्रनं ऑफिसला फोन लावला, ऑफिसनं सांगितलं की ही सेटिंग कंपनीवाल्याकडे, कंपनीवाल्यानं सांगितलं की तक्रार लिहून द्या. शेखरनं पुण्याहून तीही लिहून दिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. लग्नसराईमुळे आसपास दुसरी एसी खोली रिकामी नव्हती, आणि असती तरी रुख्मिणीबाईंना जिना कोण उतरवणार? इतकी सगळी शहाणी माणसं एका काडेपेटीपुढे हात टेकून बसलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाहीत.

तेव्हा नत्थुजींना आपली विद्या आठवली. बुधवारी सकाळी त्यांनी खाली सांगून झाडूच्या दोन काठ्या मागवल्या, त्यांचा आडवा-उभा सांगाडा बांधला, वर आपला सदरा चढवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि पंख्याचा वारा नेमका बाह्यांत शिरेल अशा बेतानं तो कपाटाच्या दाराला टांगला. पंखा लावताच सदऱ्याचे दोन्ही हात झकास हलायला लागले. नत्थुजी मोठ्या समाधानानं खुर्चीत बसले. वीस मिनिटांनी एसी बंद पडला.

जेवणाचा डबा उघडून बसलेल्या नईमला त्यांनी खालून ओढून आणलं. बुजगावणं पाहून तो आधी दचकला, मग पोट धरून हसला, आणि मग त्याचा चेहरा पडला.

“काकाजी, हे कपडे हालून काई होत नाई. तो गरमी पाह्यते. जित्या आंगाची गरमी हालली पायजे. याच्यात जीव नाई ना.”

जन्मभर नत्थुजींनी जिथं माणूस नाही तिथं तो आहे असं पाखरांना पटवलं. आता जिथं माणूस आहे तिथं तो आहे एवढंच एका डब्याला पटवायचं होतं, आणि ते जमत नव्हतं. सदऱ्याच्या बाहीत गरम पाण्याची बाटली अडकवून पाहिली. चालली. पण एसीच्याच गारव्यानं बाटली अर्ध्या तासात निवली, आणि सारखं पाणी तापवून द्यायला स्वयंपाकघरातली गोदाबाई काही रिकामी नव्हती. शेवटी त्यांनी सदरा काढून स्वतःच्या अंगात घातला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून दोन्ही हात हलवले.

तेव्हापासून दर दहा-पंधरा मिनिटांनी हेच. रात्री खिडकी उघडून पंख्यावर कसंबसं भागायचं, पण तेव्हा दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे असत. सकाळी दहापासून उन्हं उतरेपर्यंत मात्र नत्थुजी उभे. जो माणूस ओट्यावरून उठायला कंटाळायचा, तो आता घड्याळ पाहून हात हलवत होता. रुख्मिणीबाईंना खाली तोंड असल्यानं दिसत काहीच नव्हतं. फक्त सदऱ्याच्या बाह्यांचा फडफड आवाज यायचा.

“काय करून रायले?” त्यांनी उशीतून विचारलं.

“बुजगावनं झालो.”

रुख्मिणीबाईंचं सगळं अंग हसण्यानं हललं, तसे नत्थुजी ओरडले, “हासू नोको! डोकं हालते!”

नईमच्यानं एवढंच झालं की तो रोज दुपारचा आपला डबा घेऊन त्यांच्या खोलीत जेवायला यायला लागला. जेवताना हात हलतातच. तो अर्धा तास सावकाश जेवायचा, मुद्दाम हातवारे करत बोलायचा आणि नत्थुजींना म्हणायचा, “पाय लांब करा तुमी, मी हाय.” तेवढीच त्यांना दिवसाची सुट्टी.

शुक्रवारी नईम आला नाही. जुम्म्याची नमाज होती, तो आदल्या दिवशीच तसं सांगून गेला होता. नत्थुजींनी ठरवलं होतं की आज बसायचंच नाही. पण चार रात्रींची झोप डोळ्यांत साचलेली, गुडघे सुजलेले. एक वाजता ते म्हणाले, दोन मिनिटं टेकतो, आणि खुर्चीत टेकले.

जाग आली तेव्हा घड्याळात तीन वाजून गेले होते. पण एसी सुरू होता. खोली गार होती आणि रुख्मिणीबाई तशाच पालथ्या पडलेल्या होत्या. नत्थुजींनी डब्याकडे पाहून दोन्ही हात जोडले. खरंच जोडले, मनातल्या मनात नाही.

“शेखरच्या माय, सुधरला वो हा! मी दोन घंटे झोपलो तरी चालू हाय. दया आली असन त्याले.”

“हं,” रुख्मिणीबाई उशीत म्हणाल्या.

पुढचे दिवस डबा पुन्हा पहिल्यासारखाच वागला. नत्थुजींनी जास्त विचार केला नाही आणि हात हलवत राहिले. सोमवारी सकाळी नईमनंच रिक्षा आणली आणि मान खाली घातलेल्या रुख्मिणीबाईंना दोघांनी धरून दवाखान्यात नेलं. नत्थुजी आतून खूश होते. कितीही त्रास झाला तरी सात दिवस निभावले होते.

डॉक्टरबाईंनी रुख्मिणीबाईंना यंत्रासमोर बसवलं. यंत्रातून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“काकू, डोकं वर झालं होतं का मधे?”

“नाई वो डॉक्टरीनबाई,” नत्थुजी पुढे होऊन म्हणाले. “मी डोयात तेल घालून होतो.”

“झालं होतं,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “शुक्रवारी.”

नत्थुजी गर्रकन त्यांच्याकडे वळले.

“हे झोपले होते. एसी बंद पडला, मले घाम सुटला. हाक मारू म्हनलं, पन चार रातीचा जागलेला मानूस, कसा उठवू? पडल्या पडल्या हात हालवून पाह्यला, तर त्या डब्याले दिसे नाई. मंग उठून बसली, त्याच्याकडे तोंड केलं आन् हात हालवला. सुरू झाला. मंग बंद पडला का दर येळेस तसंच केलं. यायले झोपू देलं.”

“किती वेळा?”

“मोजलं नाई बाई.”

डॉक्टरबाईंनी यंत्र बाजूला सारलं. पडदा पुन्हा सुटला आहे, त्या म्हणाल्या. त्या दिवसामुळेच सुटला असं त्यांना सांगता येत नव्हतं. नीट पडून राहिलेल्यांचाही कधी सुटतो. पुन्हा ऑपरेशन करून उपयोग होईल असं त्यांना वाटत नव्हतं. मग त्यांनी आपला हात रुख्मिणीबाईंच्या डोळ्यासमोर नेला आणि हळूहळू हलवला.

“काकू, माझा हात हलतोय का स्थिर आहे?”

“कोनता हात?” रुख्मिणीबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाईंच्या मागे नत्थुजी उभे होते. त्यांचे हात आपोआप वर गेले. हॉटेलात हलवत होते तसेच, खांद्यापासून, दोन्ही. डॉक्टरबाई वळून पाहू लागल्या तरी त्यांना भान नव्हतं.

“शेखरच्या माय, मी हाय अथी. पाह्य ना. इकडे पाह्य.”

पाच दिवस ऐकलेला बाह्यांचा तो आवाज रुख्मिणीबाईंनी लगेच ओळखला. त्यांनी तोंड त्या बाजूला वळवलं, पण डोळा भलतीकडेच, भिंतीकडे लागला होता.

“झालं आता,” त्या म्हणाल्या. “बसा. लय दमले तुमी.”

नत्थुजी हात हलवतच राहिले.