वृंदाच्या अकाउंटवरून

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. मित्राजवळ नाही, भावाजवळ नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. ती आत्ता आतल्या खोलीत आईंच्या पायांना तेल लावतेय, तिचं बोलणं मला इथपर्यंत ऐकू येतंय. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून असेल. माझ्यासारख्या भित्र्याला तेवढंच जमतं.

गोष्ट एका नकाशाची आहे. हसू नका. तेव्हा मलाही हसूच यायचं.

मी आणि माझी बायको वृंदा, आम्ही गाझियाबादला राहतो. दोघंही पुण्याचे, माझ्या नोकरीमुळे इकडे आलो आणि इथलेच होऊन बसलो. वृंदाच्या आईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांनाही इकडे आणलं. घरात व्हीलचेअर आली — आणि मग कळलं, की ज्याला आम्ही फुटपाथ म्हणत होतो त्यावरून खुर्ची चार पावलं सरळ जात नाही. कुठे रॅम्प आहे, तर नेमका त्याच्या तोंडाशी विजेचा खांब. कुठे बागेच्या मोठ्या गेटला कायमचं कुलूप, आणि बाजूच्या अरुंद दारातून चाक आत शिरेना. दुसरी कुणी असती तर कपाळावर हात मारून घरी बसली असती. वृंदाने ते सगळं नकाशात घालायला सुरुवात केली.

हा नकाशा म्हणजे इंटरनेटवरचा, तुमच्याआमच्यासारख्यांनी मिळून केलेला. कुणीही त्यात आपली गल्ली घालावी, कुणीही तो फुकट वापरावा, त्यावर आपलं काही नवीन उभारावं. मालक कुणीच नाही. आणि म्हणूनच त्या लोकांचा एक नियम फार कडक — दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवायचं नाही. सरकारी असला तरी नाही! ज्याचा डेटा आहे त्याने 'घ्या, वापरा, वाटा' असा परवाना स्वच्छ लिहून दिलेला असेल तरच घ्यायचा. नाहीतर स्वतः जाऊन बघायचं आणि मग घालायचं.

वृंदा जाऊन बघायची. दर रविवारी. आणि खुर्ची ढकलायला कोण? मी! हातात मोजायची टेप, डोक्यावर ऊन, खुर्चीत आई, आणि ही म्हणणार, "सुहास, हा चढ तू एकट्याने चढवून बघ ना, एकट्या माणसाला जमतं का ते लिहायचंय मला." आठवडाभर ऑफिसात डोकं शिणवायचं आणि रविवारी हे. मी कुरकुरायचो, पण हसत हसत. नवरे कुरकुरतात तेवढंच, असं तिला वाटायचं. खरं सांगू? मला मनापासून वीट आला होता.

तिचं मात्र नाव होत होतं. दिल्ली, गाझियाबाद, फरीदाबादच्या नकाशावाल्यांचा एक ग्रुप होता. फरीदाबादचे इमरानभाई तो सांभाळायचे. ते फोनवर म्हणायचे, "वृंदाजी, आपका एरिया तो बिल्कुल चमक रहा है." फोन ठेवल्यावर ती मला ते वाक्य पुन्हा ऐकवायची, त्यांच्या आवाजात. लग्नानंतर नोकरी सुटलेली, शहर परकं, त्यात आईंचं आजारपण — या सगळ्यात हे एकच काम असं होतं जे तिचं स्वतःचं होतं. हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं कळत होतं.

एक दिवस मला एका सरकारी खात्याच्या वेबसाइटवर आमच्या भागाचा अख्खा नकाशा दिसला. फुटपाथ, रॅम्प, बागांची गेटं, सगळं रंगीबेरंगी काढलेलं! मी उडालोच. म्हटलं, हे घे, संपलं तुझं काम. तिने पान खालपर्यंत सरकवलं आणि म्हणाली, "सर्व हक्क राखीव लिहिलंय. परवाना दिलेला नाही, घेता येणार नाही." मी वाद घातला — अगं, सरकारी आहे, आपल्याच करातून झालंय ना? तर म्हणाली, "बघायला ठेवलंय रे, वाटायला नाही." तरी आपलं किती राहिलंय ते बघावं म्हणून तिने त्या नकाशाची फाइल डाउनलोड करून आपल्या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली. आणि लगेच बंद केली. नुसतं पाहिल्याचंही तिला अपराधी वाटलं होतं. तशी आहे ती.

आता — आता सांगायलाच हवं.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी ती आईंना घेऊन फिजिओथेरपीला गेली. लॅपटॉप टेबलावर उघडा, तिचं अकाउंट चालू, फाइल तिथेच. माझं स्वतःचं अकाउंट नवं होतं, एवढं मोठं काही चढवलं असतं तर लगेच चौकशी झाली असती. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास, तिचं कोण तपासणार? मी फाइल उघडली आणि सगळंच्या सगळं वर चढवून दिलं. चढवताना तो प्रोग्रॅम विचारतो, माहिती कुठून घेतली? त्या चौकोनात तिने आदल्या रविवारी लिहिलेलं तसंच होतं — 'प्रत्यक्ष पाहणी'. मी ते खोडलं नाही. बटण दाबलं, आणि क्रिकेट बघत बसलो.

तिला मदत करायची होती, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलोय. कसली मदत? मला माझे रविवार परत हवे होते. बस्स.

आठवडाभरात निरोप आला. नकाशा तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं, की या रेषा खात्याच्या नकाशाशी तंतोतंत जुळतात, अगदी चुकांसकट. खात्याने जिथे कधी बांधलाच नाही तिथेही रॅम्प दाखवला होता, आणि तोच आता वृंदाच्या नावावर होता, 'प्रत्यक्ष पाहणी' म्हणून. तिने लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. चेहरा पांढराफटक. "सुहास, हे मी केलं? मला आठवतच नाहीये रे."

तेव्हा सांगता आलं असतं. दोन शब्द लागले असते फक्त. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "तू ती फाइल उघडली होतीस ना? तेव्हाच चुकून वर गेली असणार. होतं असं, यार."

किती सहज म्हणालो! आणि तिने मान हलवली. वाद नाही, शंका नाही. नवरा कॉम्प्युटरमधला माणूस, तो म्हणतोय म्हणजे तसंच असणार. तिने स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला.

मी गुपचूप त्या खात्यात जाऊन आलो, नाही असं नाही. वाटलं, आता जरी लेखी परवानगी मिळाली तरी सगळं निस्तरेल. तिथले साहेब भले होते, चहाही पाजला. म्हणाले, "भाई साहब, देखने के लिए डाला है, देखिए ना. उठाने को किसने बोला?" मी लिहून मागितलं, तर हसले — "हम किस हैसियत से लिख दें? ये तो ऊपर से आएगा." वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. कुणी नको म्हणत नव्हतं आणि हो म्हणायचा अधिकार कुणालाच नव्हता. मी हात हलवत परत आलो.

रविवारी सकाळी ग्रुपची व्हिडिओवर मीटिंग झाली. नियमाप्रमाणे ती फाइल निघणारच होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. प्रश्न तिच्या आधीच्या कामाचा होता. त्यावरही 'प्रत्यक्ष पाहणी'च लिहिलेलं — मग ते तरी खरं कशावरून? इमरानभाईंचा सूर तिला वाचवायचाच होता. म्हणाले, "वृंदाजी, बाकी सब तो आपने चलकर ही किया है ना? बस इतना बोल दीजिए."

मी तिथेच होतो. हातात तिच्यासाठी आणलेला चहा. ती खरंच गेली होती की नाही याचा साक्षीदार अख्ख्या जगात एक मी — खुर्ची कुणी ढकलली होती? नुसतं पुढे होऊन म्हणायचं होतं, हो, मी होतो बरोबर, प्रत्येक चढ मी चढलोय. फाइलचं कबूल न करताही एवढं म्हणता आलं असतं. पण तोंड उघडलं आणि पुढचं कुणी विचारलं तर? मी मूग गिळून उभा राहिलो. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून एक पाऊल मागेसुद्धा सरकलो.

वृंदा म्हणाली, "मुझे अब पक्का नहीं पता. जो याद नहीं वो भी मुझसे हो गया है. सब हटा दीजिए."

सगळं काढलं. तीन वर्षांचं. तिने सगळ्यांची माफी मागितली, लॅपटॉप मिटला, आणि मी आणलेला चहा प्यायली. पुढच्या रविवारी मी सकाळी उशिरापर्यंत झोपलो, कुणी उठवलं नाही. आईंना आता आम्ही सोसायटीच्या आवारातच फिरवतो.

अधूनमधून मी त्या खात्याची वेबसाइट उघडतो. खाली अजून 'सर्व हक्क राखीव'च लिहिलेलं आहे. समजा उद्या परवाना आला, समजा मी आज ग्रुपवर जाऊन सगळं ओकलो, तरी काय होणार आहे? रेषा कदाचित परत येतीलही. पण 'मला नाही बाई ते जमत, माझ्या हातून काहीतरी भलतंच होतं,' असं ती आता सगळ्यांना हसत हसत सांगते, आणि तिचं ते वाक्य माझं आहे, मी तिच्या तोंडात घातलेलं. ते परत कसं घ्यायचं ते मला माहीत नाही. खरं सांगितलं तर घेता येईल, असं तुम्ही म्हणाल. हो. तेही करत नाही. चार वर्षं झाली.

कालचीच गोष्ट. नाशिकच्या मावशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायच्या होत्या, साध्या, व्हॉट्सअॅपवर. दोन ओळी टाइप करून ती फोन घेऊन माझ्याकडे आली. "बघ ना जरा. नंबर त्यांचाच आहे ना? मी काही चुकीचं नाही ना दाबत?"

मी चष्मा लावला, नाव पाहिलं, दोन्ही ओळी वाचल्या. सगळं बरोबर होतं. म्हटलं, "हो, पाठव."