दोन शाळा, एकच शनिवार

इथे कॅनडात, किचनरमध्ये दर शनिवारी सकाळी माझ्या नातीला एकाच वेळी दोन ठिकाणी असायला हवं होतं. मंडळाच्या मराठी शाळेत, माझ्या हट्टापायी. आणि चर्चच्या बेसमेंटमधल्या लिथुआनियन शाळेत, तिच्या आईसाठी. माझी सून लिथुआनियन आहे, लहानपणीच इथे आलेली. एक शनिवार इकडे, एक तिकडे, असं करता करता पोरगी दोन्हीकडे कच्ची राहिली. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, आता एक काहीतरी फायनल करू या. तिला स्ट्रेस होतोय." आठ वर्षांच्या पोरीला कसला आलाय स्ट्रेस!

नागपूरच्या शाळेत मी जन्मभर संस्कृत शिकवलं. वाद घालण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हे. पण इथे वाद घालू कुणाशी? सुनेची आई मागच्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून ही भांडी घासताना पुटपुटत असते. मला वाटायचं, माझ्यावरच चिडलीय. मग मुलाने सांगितलं, ती आईशी बोलते. तिच्या भाषेत बोलायला आता घरचं दुसरं कुणी उरलं नाही. झालं! तेव्हापासून मला तिचा राग धरता येईना, आणि सोडताही येईना.

अशात एक दिवस तीच माझ्याकडे आली. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत म्हणाली, "आई, तुम्ही आमच्या शाळेत याल? मुलांना सांगाल, आमची भाषा किती जुनी आहे?" त्यांच्या बाईंनी कुठेतरी वाचलं होतं की लिथुआनियन संस्कृतच्या जवळची. माझा काही विश्वास बसला नाही. ज्याला त्याला आपली भाषा संस्कृतला नेऊन चिकटवायची हौस असते. म्हटलं जाते, आणि जमलंच तर खोडून काढते.

बेसमेंटमध्ये मोजकीच पोरं होती. बाई त्यांचा शब्द म्हणायच्या, मी संस्कृत म्हणायचं. त्या म्हणाल्या 'उग्निस', मी 'अग्निः'. 'सूनुस', 'सूनुः', म्हणजे मुलगा. मग त्यांनी मेंढीचं चित्र दाखवलं आणि पोरं ओरडली, "अविस!"

"अगं बाई!" मी मोठ्याने म्हणाले. आपलं 'अविः'! हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, पण मेंढी बघून तो कुणी तोंडातून काढलेला ऐकला नव्हता. इथे शेंबडी पोरं काढत होती. मग काय, खोडून काढायला गेलेली मी हातवारे करून सांगत सुटले की या भाषा एकाच घरातल्या, फार पूर्वी वेगळ्या निघालेल्या. नात शेजारच्या पोराला कोपराने ढोसून म्हणाली, "दॅट्स माय आजी." मागे सून उभी राहून रडत होती. मी तिची बाजू मांडतेय की माझी, माझं मलाच कळेना.

मुलगा न्यायला आला. गाडीत मागे माझ्याजवळ बसून नात म्हणाली, "आजी, इट्स ऑल वन फॅमिली, राइट? देन आय ओन्ली नीड वन स्कूल. आय विल डू मॉम्स."

मुलगा आरशातून माझ्याकडे बघायला लागला. सून पुढच्या सीटवरून गर्रकन वळली. "नाही, नाही," ती घाईने मराठीत म्हणाली. "आई, तुम्ही सांगा तिला. वेगळं आहे."

वेगळं आहे म्हणू? मग मघाशी सगळ्यांसमोर काय बोलले? आणि ही बाई माझ्या बाजूने का बोलतेय? मला रडू येत होतं, रागही येत होता, आणि तो नक्की कुणाचा हे समजत नव्हतं. थोडा मुलाचाच असावा. माझ्याशी घडाघडा मराठी बोलतो आणि पोरीकडे वळला की इंग्रजी! पण निदान माझ्याशी बोलतो. सुनेशी कोण बोलणार?

"तू आईच्याच शाळेत जा," मी नातीला म्हणाले. "नीट शीक. आणि घरी आईशी रोज बोलायचं, कंटाळा करायचा नाही."

नात खूश झाली. सुनेने मागे हात करून माझा हात घट्ट धरला.

हे सगळं मी नातीला इंग्रजीत सांगितलं. मराठीत तिला समजलं नसतं.