यात तुमचं घर धरलंय का?

त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे पहिल्या पोळीचा तुकडा गॅसच्या ज्योतीत टाकला, हात जोडले आणि अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या घरून युट्रेख्टच्या कार्यालयात गेलो. गावाकडे आई चुलीला असाच घास देई. माझे नवे साहेब विनायकराव यांची आणि माझी पहिली भेट त्या दिवशी झाली.

एका केंद्रात पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांतून घरोघरी ऊब म्हणून पोचवणे, हे आमच्या कंपनीचे काम. नव्या वसाहतींत गॅस येतच नाही, त्यामुळे तिथे मागणी आपोआप वाढते. जुन्या वस्तीत मात्र घराघराने गॅस सोडावा लागतो. पुढे किती घरे जोडली जातील याच्या माझ्या अंदाजात आमच्या जुन्या वस्तीतली सगळी घरे मी ग्राहक म्हणून धरली होती.

विनायकरावांनी कागद वाचून विचारले, "यात तुमचं घर धरलंय का हो?"

"नाही सर. आमच्याकडे अग्नीला घास द्यायचा असतो. गॅस गेला की ज्योत गेली."

"अस्सं! म्हणजे देव फक्त तुमच्याच मजल्यावर राहतो?" ते मोठ्याने हसले. "चला, शेजाऱ्यांना विचारू."

मग ते माझ्याबरोबर आमच्या इमारतीचे जिने चढले. खालच्या मजल्यावरच्या, सुरिनामहून आलेल्या भारतीय वंशाच्या आजींना रोटीसाठी ज्योत हवी होती, कुणाला बिलाची धास्ती होती. विनायकरावांनी अंदाज बराच खाली आणला. बैठकीत वरिष्ठ चिडले. "जो नाही म्हणाला, त्याला ग्राहक कसं म्हणू?" एवढेच विनायकराव बोलले. त्या वर्षी त्यांची बढती राहून गेली.

दिवाळीत ते आमच्याकडे जेवायला आले. मी ज्योतीत घास टाकेपर्यंत पानावर थांबले. जोडणीचा विषय त्यांनी काढला नाही. पुढे शेजारी एकेक करून जोडले गेले, आजीही. आमच्या एका घरासाठी इमारतीतली जुनी गॅसवाहिनी ठेवावी लागली, तरीही त्यांनी तो विषय काढला नाही. आग्रह करणारे कुणी नसल्याने विचार मलाच करावा लागला.

विनायकरावांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. परमेश्वर त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य देवो आणि जिने चढण्याची त्यांची हौस अशीच राहो.

गेल्या सोमवारी आमच्याकडचा गॅस बंद झाला. सकाळचा घास मी आता निरांजनापुढे ठेवतो. विनायकराव, आमचे घर धरा.