आश्विनातले दूध

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीला नाही. आणि ज्या देवापुढे रोज बसतो, त्याच्यापुढेही कधी शब्दांत मांडलेले नाही. आज तुम्हांला सांगतो आहे. का — ते मलाही नीट उमगलेले नाही.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी शरयू शिक्षणासाठी कुरुंदवाडहून कोल्हापुरात आमच्याकडे राहायला आली. नव्वदच्या दशकाच्या आरंभीची ही गोष्ट. वय पंधराचे. ती धावत असे — लांब पल्ल्याच्या शर्यती. पहाटे मैदान, संध्याकाळी पुन्हा मैदान. आमच्या घरी चातुर्मास काटेकोर पाळला जाई : श्रावणात पालेभाजी वर्ज्य, भाद्रपदात दही, आश्विनात दूध. तिनेही तो आनंदाने स्वीकारला. दूध-दही चारही महिने सोडलेस तर पुण्य अधिक, असे तिला मीच म्हणालो होतो. तिने सोडले. — सहज म्हणालो होतो का मी? थांबा, तिकडेच येतो आहे.

दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात, तिला धावणे शिकवणारे सर घरी आले. तालमीत वाढलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"शास्त्रीबुवा, पोरगी नडगी दुखत्या म्हणत्या. दूध न्हाय, दही न्हाय — मग हाडं काय मंत्रानं घट्ट हुत्यात व्हय? वाढत्या वयात पळणाऱ्या पोरीला कॅल्शियम लागतंय की! जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आलीया." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या शास्त्रात काय सूट असंल तर बघा. तुमी सांगितल्याबिगर ती घोटभर बी पिणार न्हाय."

शरयू दारात उभी होती. माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"व्रताला सूट नसते," मी म्हणालो.

सूट असते. बालक, वृद्ध, दुखणेकरी — यांना व्रताचे बंधन नाही, हे मी गुरूंच्या पायाशी बसून शिकलो होतो. इतरांना शिकवलेही होते. मग? — अर्ध्या विजारीत धावणारी पुतणी मला नको होती. गल्लीत कोणी तिच्याविषयी विचारले की माझी मान खाली जाई. 'धावू नकोस' असे तिला समोर बसवून सांगण्याचे धैर्य मात्र माझ्यात नव्हते. ते काम तिच्या श्रद्धेकडूनच परस्पर व्हावे, अशी माझी योजना होती. थकेल, आपणहून सोडेल — असे मी मनाशी म्हणत असे. हाड मोडेल, असे वाटले नव्हते? वाटले होते की नाही, याचा मी कधी शोधच घेतला नाही.

आश्विनात सराव करताना ती कोसळली. नडगीच्या हाडाला तडा गेला होता. डॉक्टरांनी विचारले, "दूध, दही घेते ना ही?" तिने तोंड उघडण्याआधीच मी उत्तरलो, "आमच्या घरी दूधदुभत्याला तोटा नाही." शरयूने माझ्याकडे पाहिले. आणि मग — माझी लाज राखण्यासाठी — म्हणाली, "हो." डॉक्टरांनी सारा दोष धावण्याला दिला, पाय जपायचा तर धावणे सोडा, म्हणाले. निवड हुकली. ती पुन्हा कधी मैदानावर गेली नाही. मला हवे होते ते झाले — नाही का?

पुढे तिचे लग्न झाले, ती पुण्याला गेली, तिला मुलगी झाली — मनू. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, एका आश्विनात तिचा फोन आला.

"काका, माझं दूध बंद आहे हो. मनूचंही करू का? ती हल्ली रोज फुटबॉल खेळते."

"मुलांना सूट असते," मी म्हणालो.

मग तिने अगदी हळू विचारले, "कधीपासून, काका?"

मी फोन खाली ठेवला.